आबांची आरोळी

आबांचा आवाज सायलीच्या गाण्यात राहू द्यायचा की नाही, हे ठरवायला रविवारी सकाळी अख्खं घर पत्रेगल्लीत जमणार होतं. आणि तो आवाज शुक्रवारीच हातोडीखाली गेलाय, हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. एक ज्योत्स्ना, जिनं हातोडी मारली. दुसरा तिचा नवरा योगेश, जो हे कळल्यापासून मिठाची गुळणी धरून बसला होता.

“तुम्ही सांगा ना दादांना,” मटणासाठी कांदा चिरता चिरता ज्योत्स्ना म्हणाली.

“मी?”

“तुमचे भाऊ आहेत.”

“हातोडी तुझी होती.”

“आणि पेनड्राइव्ह कुठं ठेवलाय ते शुक्रवारी सांगायचं सोडून शनिवारी जेवताना सांगणारे कोण होते?”

योगेशनं यावर चपला घातल्या आणि पाहुण्यांना आणतो म्हणून तो बाहेर सटकला. पाहुणे स्वतःच्या गाडीनं येणार होते. पण बायकोच्या प्रश्नापेक्षा त्याला रस्त्यावर उभं राहणं परवडलं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत नाथाआबा गेले, पण त्यांची आरोळी नाशिकमधून गेली नव्हती. सिडको म्हणू नका, इंदिरानगर म्हणू नका, योगेशच्या टेम्पोवरच्या भोंग्यातून ती रोज फिरत होती. “एऽऽ भंगाऽऽर! पत्रा, लोखंड, रद्दी, मोडकी सायकल, बंद पडलेला पंखाऽऽ!” आबांचा घसा बसायला लागला तेव्हा सायली नववीत होती. तिनंच टेम्पोत बसून ती आरोळी मोबाइलवर धरून ठेवली होती. मागं इंजिन चालू, कुठंतरी कुत्रं भुंकतंय, आणि शेवटी आबा खोकून म्हणतात, “योग्या, घे पुढं.” तेवढा तुकडा खरं तर कापायला हवा होता. कुणी कापला नाही. मग आरोळीबरोबर तोही वाजत राहिला, आणि आबा गेल्यावरही तो हुकूम कानावर पडल्याशिवाय योगेश गिअर टाकत नसे. ज्योत्स्ना त्याला वेडा म्हणायची. एकदा ती शेजारच्या सीटवर बसली, तेव्हा त्याचं तोंड बघितलं आणि त्यानंतर तिनं तो शब्द काढला नाही.

आता सायली बावीस वर्षांची होती. दिवसा कुरिअरच्या ऑफिसात बसायची, संध्याकाळी रॅप करायची. घराला लागून असलेल्या वखारीच्या मागं एका भंगारात आलेल्या ट्रकचं केबिन पडलं होतं. त्याला आतून आजीच्या गोधड्या ठोकून तिनं आपलं रेकॉर्डिंगचं घर केलं होतं. अंबडच्या कारखान्यात पाळी करणारा लखन तिला नाशिक ढोलावर ठेका बांधून द्यायचा. दोन वर्षं खपून दोघांनी नऊ गाणी उभी केली. अल्बमचं नाव ‘पत्रेगल्ली’. पुण्याची एक गाण्यांची कंपनी येत्या शुक्रवारी तो इंटरनेटवर सगळीकडे लावणार होती. पोरीच्या तोंडावर असं तेज ज्योत्स्नानं दहावीच्या निकालालासुद्धा बघितलं नव्हतं.

आणि मग गुरुवारी रविराजदादा आले. रविराज म्हणजे योगेशचा थोरला भाऊ. पाथर्डी फाट्यावर हार्डवेअरचं दुकान, फ्लॅट, चारचाकी. बारा वर्षांपूर्वी ते गल्लीतून गेले ते गेलेच. कुणी कुठले विचारलं तर पाथर्डी फाटा सांगायचे आणि विषय बदलायचे. दुकानातल्या पोरानं त्यांना मोबाइलवर सायलीच्या गाण्याचा नमुना दाखवला होता, आणि त्यात आबांचा आवाज होता. त्यांनी पोरीला समोर बसवून तो नमुना काढायला आणि लॅपटॉपमधली आरोळी पुसायला लावली. वर टेम्पोतला पेनड्राइव्हही काढून घेतला; सायलीचा जुना मोबाइल केव्हाच मोडला होता, तेव्हा तीच शेवटची प्रत.

“आबांच्या आवाजावर लोकांनी नाचायचं? रील करायचे?” ते गरजले. “माझा बाप आहे तो. तुमचा ठेका नाही.”

सायली त्या दिवशी जेवली नाही. तेव्हा आबांच्या बायकोनं, कुसाबाईंनी, बाजेवरून निकाल दिला होता. “रविवारी समदे इथंच या. दोघं भाव हो म्हनले तर गानं जाईल, नाय तर नाय. आन सायले, तू शब्द दे.” सायलीनं आजीच्या पायाला हात लावून शब्द दिला. ती शब्द मोडणारी पोरगी नव्हती, हीच तर ज्योत्स्नाची पंचाईत होती. दादा नाही म्हणाले की दोन वर्षं पाण्यात.

ज्योत्स्नाचा राग नेहमीच वखारीच्या कामी यायचा. मोटार, मिक्सर, टेपरेकॉर्डर फोडून त्यातलं तांबं वेगळं काढायचं काम तिचं. शुक्रवारी ती दादांच्या नावानं चिडून फळीवरचं दिसेल ते फोडत सुटली. त्यात आबांचा पहिला, उंदरांनी कुरतडलेला, केव्हाच मुका झालेला ॲम्प्लीही गेला. तांबं तांब्यात, पत्रा पत्र्यात, प्लास्टिक पोत्यात. शनिवारी पोतं मालेगावच्या गाडीत चढलं. आणि शनिवारीच जेवताना योगेश सहज म्हणाला, “दादानं पेनड्राइव्ह आबांच्या जुन्या ॲम्प्लीत ठेवलाय, मागची पट्टी उघडून. तिथं सायलीचं लक्ष जायचं नाही म्हणाला.” ज्योत्स्नाच्या हातातला घास हातातच राहिला.

रविराजची गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबली. आत यायला जागा होती, पण ते कधी आत आणत नसत. लासलगावहून आलेल्या विठाआक्काला त्यांनी स्टँडवरून घेतलं होतं. विठाबाई या सगळ्या भावंडांत थोरली बहीण. तिनं उतरताच भाच्या-भाचरांची चौकशी न करता कांद्याची गोणी योगेशच्या खांद्यावर दिली आणि ज्योत्स्नाला बाजूला ओढलं.

“मी रविराजच्या बाजूनं हाय, आधीच सांगते,” ती कुजबुजली. “बापाचा आवाज म्हंजी काय खेळणं हाय का? नऊ गाणी केली पोरीनं. गल्लीतल्या कुत्र्याचं नाव हाय म्हणं त्यात. आन आत्याचं?”

“तुमचं नाही?”

“रविराज नाय म्हणतो.” विठाबाईनं पदर खोचला. “मी काय गल्लीत वाढले नाय का? पहिलं लुगडं मी नळावरच्या भांडणात फाडून घेतलं व्हतं.”

ज्योत्स्नाला हसू आलं. आक्काचं मत वळवता येईल, पण ॲम्प्ली कुठून आणायचा?

कुसाबाई बाजेवर, रविराज खुर्चीवर, आक्का पाटावर, योगेश दारात एक पाय बाहेर ठेवून. सायली भिंतीला टेकून उभी, लॅपटॉप छातीशी धरून. चहा झाला.

“मला भांडण नको,” रविराज म्हणाले. “पोरीनं बाकीची गाणी लावावीत, माझं काही म्हणणं नाही. पण आबांचा आवाज त्यांच्या मरणानंतर असा बाजारात मांडायचा नाही. पेनड्राइव्ह मी आईच्या हातात देतो. तिनं तो लुगड्याच्या गाठीत बांधावा. विषय संपला.”

“काका, आवाज रोज बाजारातच फिरत होता की,” सायली म्हणाली. “भोंग्यावर.”

“तो धंदा होता.”

“हापण धंदाच आहे. आपलाच.”

“सायले, मोठ्यांच्या तोंडी लागू नको,” आक्का म्हणाली, पण तिचा सूर पहिल्यासारखा करकरीत नव्हता.

रविराज उठून वखारीत फळीकडे गेले. ज्योत्स्ना त्यांच्या मागोमाग गेली. पाय नको म्हणत होते तरी गेली. फळी स्वच्छ होती. इतकी स्वच्छ फळी त्या वखारीत कधी कुणी बघितली नसेल.

“ॲम्प्ली कुठंय?”

“दादा,” ज्योत्स्ना म्हणाली, “तो मी फोडला.”

“फोडला म्हणजे?”

“फोडला म्हणजे फोडला. शुक्रवारी. मला काय माहीत त्यात काय आहे? प्लास्टिकच्या पोत्यात गेला असणार. पोतं काल मालेगावला गेलं.”

तिला वाटलं होतं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते रद्दीच्या गठ्ठ्यावर मटकन बसले आणि रिकाम्या फळीकडे बघत राहिले. एवढा वेळ का लागतोय म्हणून सगळे आत आले. काय झालं ते ज्योत्स्नानं पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिला रडू आवरलं नाही.

कुसाबाईंनी चौकटीला धरून ऐकलं. “म्हंजी माझा धनी,” त्या सावकाश म्हणाल्या, “ज्यानं जन्मभर भंगार उचललं, त्यालाच तुमी भंगारात काढला?”

आणि मग जो माणूस बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, तो बोलला.

“दादा, तुला दुसरी जागा नाही मिळाली?” योगेश म्हणाला. “भंगारवाल्याच्या घरात बंद पडलेली वस्तू कधी टिकलीय? फ्लॅटवर न्यायचा होतास. तिजोरीत ठेवायचा होतास. तीन दिवस मी तोंडानं ओरडत फिरतोय. आरोळी संपली की मला पुढं जायला कळत नाही. बायका गॅलरीतून विचारतात, आजोबा कुठं गेले?”

“न्यायला निघालो होतो रे,” रविराज खाली बघत म्हणाले. “गाडीपर्यंत गेलो. मग वाटलं, तिथं सातव्या मजल्यावर आबांना करमायचं नाही. लिफ्टची त्यांना भीती वाटायची. म्हणून परत येऊन त्यांच्याच ॲम्प्लीत ठेवला.”

हे ऐकून आक्कानं तोंडाला पदर लावला. ज्योत्स्नाचा गुरुवारपासूनचा राग तिथल्या तिथं उतरला. हा माणूस आवाज हिसकावून नेत नव्हता, त्याला तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

“आवाज आहे,” सायली म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं.

“आरोळीची फाइल मी पुसली, काकांच्या समोर. खोटं नाही बोलले. पण नववं गाणं आधीच तयार झालं होतं, त्यात ती ढोलाबरोबर मिसळून गेलीय. काकांनी फाइल पुस म्हटलं, गाणं पुस नाही म्हटलं.” तिनं लॅपटॉप उघडला. “वेगळी नाही काढता येणार आता. ढोलासकटच आहे. पण आहे.”

एरवी या चलाखीबद्दल रविराजनी तिला सोडलं नसतं. आता त्यांना तेवढंही त्राण नव्हतं.

“लाव,” कुसाबाई म्हणाल्या.

सगळे पुन्हा बाजेपाशी आले आणि योगेशनं टेम्पो दारात आणून भोंगा लॅपटॉपला जोडला. आधी आलं ते इंजिन, मग ते कुत्रं, आणि मग आबा. “एऽऽ भंगाऽऽर!” त्या आरोळीच्या शेपटीला ढोलाची पहिली थाप पडली. समोरच्या घरातली बाई हातातली कढई तशीच घेऊन ओट्यावर आली. थापांच्या मधे सायलीचा आवाज उठला, रोज घरात पुटपुटणाऱ्या पोरीचा असेल असं वाटू नये असा:

*पाणी येतं पहाटे, पोलीस येतात रात्री,*
*दोघांची वाट बघते गल्ली, एकाचीच खात्री.*

*तार तोडली कुणी आणि चोर ठरला कोण,*
*आजोबा बसला चौकीत, उपाशी दिवस दोन.*

*काका गेला फ्लॅटमध्ये, काच केली वर,*
*विसरून गेला कुठल्या गल्लीत होतं आईचं घर.*

ज्योत्स्नानं डोळे मिटून घेतले. ही ओळ तिनं आजवर ऐकली नव्हती. ऐकली असती तर पोरीच्या पाया पडून काढायला लावली असती. पण गाणं काही तिच्यासाठी थांबलं नाही. शेवटी ढोल एकदम तुटला, आबा खोकले आणि म्हणाले, “योग्या, घे पुढं.” टेम्पोच्या दाराशी उभ्या असलेल्या योगेशचा हात आपोआप गिअरकडे गेला.

“पुन्ना,” कुसाबाई म्हणाल्या. पुन्हा लावलं. त्या दोन्ही वेळा रडल्या नाहीत; कान पुढं करून, नवरा बाहेरून काही सांगतोय तसं ऐकत राहिल्या. दुसऱ्यांदा ढोल आला तेव्हा त्यांचा अंगठा बाजेच्या काठावर हलत होता. “ढोल चांगला हाय,” त्या म्हणाल्या. “त्याला आवडला असता. मिरवणुकीत आघाडीला असायचा.”

“पण माझं नाव खरंच नाय,” आक्का म्हणाली.

रविराज मात्र दगडासारखे बसले होते. मग म्हणाले, “खोटं आहे.”

सायलीनं मान ताठ केली. “गाडीची काच तुम्ही वर करता काका. आत्तासुद्धा केली होती.”

“काचेचं नाही म्हणत मी. उपाशीचं.” ते उभे राहिले. “आबा उपाशी नव्हते. दोन्ही दिवस डबा मी नेला होता.”

“मी दिला व्हता डबा,” कुसाबाई म्हणाल्या. “पन तूच तर म्हनला, शिपायानं दारातच ठिवून घेतला.”

“तुला काय सांगणार होतो? डबा आत गेला म्हटलं असतं, तर कसा गेला ते विचारलं असतंस.” रविराजच्या बोलण्यातला फ्लॅट हळूहळू गळायला लागला. “मी चवदा वर्षांचा. शिपाई म्हनला, आधी आवार झाडून काढ, मग डबा आत. मी झाडलं. मग त्यानं नाव विचारलं. कुठला विचारलं. मी म्हनलं, पत्रेगल्ली. त्यानं कानाखाली दिली. ‘म्हणजे चोराचंच बी.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. झाडू, नाव, गाव, कानाखाली. पण डबा आत गेला. आबा गजांच्या मागं बसून जेवले. मला म्हनले, ‘आईला सांगू नको, भाकरी तिच्या घशाखाली उतरायची नाय.’” त्यांनी घसा साफ केला. “तार आम्ही तोडली नव्हती. सोडलंही दोन दिवसांनी. पण मला अजून कुणी कुठला विचारलं की माझा गाल गरम होतो. ते नाव तोंडातून निघत नाही. हौस म्हणून नाही काच वर करत मी.”

कुसाबाईंनी हात लांब केला. रविराज त्यांच्या बाजेपाशी गेले तेव्हा म्हातारीनं पन्नाशीच्या त्या माणसाच्या गालावर तळवा ठेवला आणि नुसता ठेवूनच दिला.

सायलीचा चेहरा उतरला होता. “मला हे कुणीच सांगितलं नाही.”

“तू विचारलंस कधी? तू नऊ गाणी लिहिलीस, सगळ्या गल्लीला विचारलंस. घरी फक्त आबांचं मागितलंस.”

हे सायलीला लागलं. ज्योत्स्नाला दिसलं ते. एरवी ती पोरीच्या बाजूनं उभी राहिली असती, पण दादांचं म्हणणं खरं होतं आणि खरं होतं म्हणून ती गप्प बसली.

“मी ओळ बदलते काका,” सायली म्हणाली. “आज बदलते.”

“काचेची?”

“उपाशीची.” तिनं काकांकडे बघितलं. “काचेची खरी आहे ना?”

आक्का फिसकन हसली आणि लगेच सावरली. रविराजनी पुतणीकडे बघितलं. मग त्यांच्याही तोंडाचा कोपरा हलला. “खरी आहे,” ते म्हणाले. “राहू दे.”

“दादा,” ज्योत्स्ना पुढं झाली. आपण काय बोलतोय याचा तिनं विचार केलेला नव्हता. “तुम्हीच का नाही सांगत ते? गाण्यात? आबांची आरोळी आहे, सायलीचं आहे, मधे तुमचं. जसं आत्ता बोललात तसं. गायचं नाही, नुसतं बोलायचं.”

“मी? गाण्यात?”

“आबांचं तोंड तू बंद केलंस,” आक्का म्हणाली. तिनं बाजू केव्हा बदलली ते तिलाही कळलं नसावं. “आता तुझं तरी उघड. आन ह्याच्यानंतर माझं लुगड्याचं बी घ्या.”

“हो म्हनतो का नाय?” कुसाबाईंनी विचारलं. “मला जेवायचंय.”

“हो गं आई,” रविराज म्हणाले. “हो.” योगेशनं आपलं हो सांगायची कुणी वाटच बघितली नाही.

मग धावपळ उडाली. सायलीनं लखनला फोन लावला. रविराजनी खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, घड्याळ काढून ज्योत्स्नाच्या ओंजळीत ठेवलं, कारण किल्ल्या वाजतात म्हणे. ज्योत्स्नानं कुकरची शिट्टी काढली, समोरच्या कढईवालीला जरा दम धरायला सांगितलं. आक्का दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून दटावत होती आणि त्यातच सगळ्यांत जास्त आवाज करत होती. रविराज वाकून ट्रकच्या केबिनमध्ये शिरले, गोधड्यांच्या मधे अंग चोरून बसले. शर्टची कॉलर त्यांनी उगाचच नीट केली.

“आधी आवाज बघू,” सायली खाली उभी राहून म्हणाली. कानावर तिनं हेडफोन चढवला. “घाबरू नका काका. नुसतं नाव सांगा. आणि कुठले ते सांगा.”

ज्योत्स्ना पायरीला टेकून उभी होती. ते बराच वेळ त्या माइककडे बघत बसले. सायलीनं घाई केली नाही.

“रविराज नाथा खैरनार,” ते म्हणाले. आणि मग, अगदी ओठांतल्या ओठांत, “पत्रेगल्ली.”

कानाखाली कुठूनही काही आलं नाही. रस्त्यानं एक रिक्षा फटफटत गेली.

“काका, परत एकदा,” सायली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कामाचा होता. “रिक्षा मधे आली. शेवटचं मोठ्यानं.”

रविराजनी श्वास भरून घेतला. या खेपेला ते नाव असं निघालं की सायलीनं दचकून हेडफोन कानावरून बाजूला केला. वखारीच्या पत्र्यांवरून ते बाहेर गेलं, आणि गल्लीच्या तोंडाशी चहा पीत बसलेल्या कुणीतरी, आपल्यालाच हाक मारलीय असं समजून, तिथूनच ओ दिली.